पाटा, वरवंटा आणि दोन कळसूबाई

सॉल्ट लेक सिटीहून डेन्व्हरला बिऱ्हाड हलवायचं ठरलं, तेव्हा सामान नेणाऱ्यांनी सांगितलेला आकडा ऐकून मी म्हणालो, "एवढ्यात सगळं घर नवं घेता येईल." बायको म्हणाली, "पाटा-वरवंटा घेता येईल का?" वाद तिथंच संपला. भाड्याचा ट्रेलर आणायचा आणि आपल्याच एसयूव्हीला जोडायचा, असं ठरलं.

हा पाटा वाईचा. विमानात तेवीस किलोंच्या बॅगेत एकटाच बसून आला, सोबतीला दोन टॉवेल. वरवंटा पुढच्या खेपेला आला. तेव्हापासून त्यावर चटणी दोनदा वाटली गेली. एकदा दिवाळीला, आणि एकदा मिक्सर बिघडला म्हणून.

बाबा तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. एसटीत चालक म्हणून त्यांची सारी नोकरी पसरणी आणि आंबेनळी या घाटांत गेली. ट्रेलर जोडताना ते कमरेवर हात ठेवून उभे होते. गाडीच्या मागं दोन इंची लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरची दांडी बसते. ती निसटलीच तर रस्त्यावर आपटू नये म्हणून दोन साखळ्या खालून एकमेकींवर तिढा घालून अडकवायच्या. बाबांनी वाकून गोळा पाहिला, बोटाला लागलेलं ग्रीस रुमालाला पुसलं आणि विचारलं, "या लिंबाएवढ्या गोळ्यावर सगळा संसार?"

ट्रेलर रिकामाच १९०० पौंडांचा, आणि आमच्या गाडीची ओढायची मर्यादा ५००० पौंड. दुकानातल्या पोरानं बजावलं होतं की साठ टक्के वजन पुढच्या अर्ध्या भागात ठेवा. मी मान डोलावली होती. पण बायकोचं शास्त्र वेगळं. "अहो, उतरल्यावर आधी स्वयंपाकघर लागणार, ते शेवटी भरा." त्यामुळं गाद्या, उशा आणि लॅम्प पुढं गेले. घरघंटी, तांदळाच्या गोण्या, कुकर आणि पाटा अगदी दाराशी, मागं.

सोल्जर समिट ही खिंड साधारण ७४७७ फुटांवर. चढ ठीक गेला. उतार लागला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी हळूच, मग आम्हालाही सोबत घेऊन. मागं जास्त आणि गोळ्यावर कमी वजन असलं की असंच होतं. एकूण भाराचा दहा-पंधरा टक्के भाग तरी त्या लिंबावर बसायला हवा. अशा वेळी ब्रेक मारायचा नाही, पाय उचलायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं, हे मी वाचलं होतं. वाचलेलं आठवेपर्यंत बायकोची अर्धी रामरक्षा म्हणून झाली होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यांचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर, नसलेल्या ब्रेकवर, घट्ट रोवलेला होता. तो त्यांनी थेट डेन्व्हरमध्ये काढला.

खाली गाव आलं, त्याचं नाव हेल्पर. मला वाटलं बाबांना हसवायला कुणीतरी पाटी लावलीय. पण नाव खरंच आहे. सोल्जर समिट चढताना आगगाड्यांना इथून जादा इंजिनं जोडायचे, त्यावरून पडलेलं. "म्हणजे कर्जतला बँकर लावतात तसं," बाबा म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना अमेरिकेतलं काहीतरी पटलं.

हेल्परला आम्हाला मात्र कुणी हेल्पर मिळाला नाही. भर उन्हात, पेट्रोल पंपाच्या कडेला, अर्धा ट्रेलर आम्ही उलटा भरला. घरघंटी पुढं आणि पाटा सगळ्यात पुढं, समोरच्या भिंतीला टेकवून. बाबा उभे राहून सांगत होते, "एसटीच्या टपावरसुद्धा आम्ही असं भरत नव्हतो रे." त्यानंतर ट्रेलर इतका शहाण्यासारखा चालला की बायकोनं विचारलं, "मग आधीच का नाही असं भरलंत?" या प्रश्नाला नवऱ्यांकडं उत्तर नसतं.

ग्रीन रिव्हरला मुक्काम. तिथं मोटेलच्या आवारात मी ट्रेलर मागं घ्यायचा प्रयत्न केला. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की तो उजवीकडं जातो. बाकी तपशील इथं देत नाही.

दुसऱ्या दिवशी खरा घाट. सिल्व्हरथॉर्न नऊ हजार फुटांवर, आणि तिथून आठ-नऊ मैलांत बोगदा, पश्चिमेच्या तोंडाशी ११,१५८ फूट. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर थोडी जागा उरते. हवा विरळ झाली की बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद हजार फुटांमागं तीनेक टक्के जाते. म्हणजे इथं पोचेपर्यंत आमच्या इंजिनाचा तिसरा हिस्सा खाली समुद्रसपाटीलाच राहिलेला. एसी बंद केला. काटा तरी लालकडं सरकतच होता, तेव्हा बाबा म्हणाले, "हीटर लाव." ऐन जुलैत हीटर! पण इंजिनाची उष्णता तेवढीच गाडीत येते, हे खरं. काटा थांबला. आम्ही शिजलो. ताशी पस्तीस मैलांनी, चारी दिवे लुकलुकत, उजव्या कडेनं. लाकडाचे ओंडके भरलेला एक ट्रक आम्हाला मागं टाकून गेला आणि त्यानं हॉर्नही वाजवला नाही, हा अपमान जास्त लागला.

बोगद्यात शिरलो. पूर्वेकडं जाणारी ही नळी १९७९ सालची, पावणेदोन मैलांची. मध्यावर आलो असू, आणि मागून फाट्‌ असा आवाज झाला.

"टायर गेला," मी म्हणालो.

"टायर असा वाजत नाही," बाबा म्हणाले.

मागून बायकोचा बारीक आवाज आला, "चिवडा."

विरळ हवेत पाकीट टम्म फुगून फुटलं होतं. तिच्या केसांत पोहे, दाण्यांचा सडा, आणि बाबांच्या टोपीवर एक कढीपत्त्याचं पान.

उताराला मी गिअर कमी केला. बाबांनी तेवढ्यात मंत्र दिलाच, "ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर." गाडीच्या पुस्तकात हेच सांगायला चार पानं लागली होती. जॉर्जटाउन गेलं, फ्लॉइड हिल गेलं, समोर डेन्व्हरचं मैदान दिसलं. मी खांदे सैल सोडले, आणि पुढं पिवळी पाटी आली.

"काय लिहिलंय?" बाबांनी विचारलं.

"ट्रकवाल्यांनो, अजून खाली उतरला नाहीत. आणखी दीड मैल उतार."

बाबा खुश झाले. "पसरणीला लावायला पाहिजे अशी."

नव्या घराशी संध्याकाळ झाली. ट्रेलर आवारात मागं घ्यायला बाबा खाली उतरले आणि पत्रा थापटत ओरडू लागले, "येऊ दे, येऊ दे, हां, येऊ दे." पाचव्या खेपेला ट्रेलर शेजाऱ्याच्या हिरवळीकडं निघाला, तेव्हा पत्र्यावर एकच थाप पडली. एसटीत एक घंटी म्हणजे थांब. थांबलो. रस्त्यावरच लावून तिथूनच सामान आत नेलं.

रात्री अकराला ट्रेलरच्या पार तळाशी एकच वस्तू उरली होती. मी, बायको आणि बाबा दाराशी उभे राहून तिच्याकडं पाहत होतो. कुणी हात पुढं करेना.

"उद्या ट्रेलर परत करायचाय ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"मग राहू दे. पुढं वजन असलेलं बरं."