सगळ्यांच्या खिशात मोबाइल, मग गावात पडदा कशाला?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय, "देवळात पडदा लावून शेतीचे व्हिडिओ दाखवणं आता कालबाह्य झालं, ज्याच्या त्याच्या हातात यूट्यूब आहे." दाखल्याला वारणेचा प्रयोग दिलाय. वारणेपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. 1998 साली वारणानगर परिसरातल्या 70 गावांत संगणक केंद्रं उघडली. पीकसल्ला, बाजारभाव सगळं तिथं मिळणार होतं. लोक जायचे ते मुख्यतः साखर कारखान्याकडची आपल्या उसाची नोंद आणि वजन बघायला. पुढे काही गावांत हे काम मोबाइलच्या एसएमएसवर गेलं आणि कुणाचं अडलं नाही. आपल्या उसाचं वजन आपल्या फोनवर यावं, हे ठीकच.

पण घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं शिकायचं असेल तर? आमच्या देवळात पेरणीआधी तो व्हिडिओ लावला होता. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचं, चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. एका काकूंनी मध्येच थांबवायला लावलं : "मळणीत मार लागलेले दाणे बाजूला काढायचे का?" व्हिडिओत याचं उत्तर नव्हतं. मागून एक आजोबा म्हणाले, "निवडायचं नाही. पोत्यात हात घालून येतील तसे घ्यायचे, पेरताना काय निवडून पेरणार आहेस?" फोनवर एकट्यानं बघणारा चांगले टपोरे शंभर वेचतो, नव्वद उगवले म्हणून खूश होतो आणि शेतात तूट पडते.

2006 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या 'डिजिटल ग्रीन' या शेतीच्या व्हिडिओंच्या उपक्रमानं हेच धरलं. जवळपासच्याच शेतकऱ्याचं, त्याच्याच बोलीत चित्रण करायचं. दाखवताना गावातलाच माणूस व्हिडिओ थांबवतो, प्रश्न विचारतो. बघणारे आधी विचारायचे, हा कोण, कुठल्या गावचा? ओळखीचा निघाला की विश्वास बसतो, आणि उद्या त्याच्या बांधावर जाऊन खात्रीही करता येते. यूट्यूबवरच्या माणसाचा बांध कुठं शोधणार?

आणखी एक, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कितीतरी घरांत फोन एकच, तो पुरुषाच्या खिशात. बियाणं निवडणं, राखणं मात्र बाईकडे. त्या काकूंना तो व्हिडिओ घरी कुणी दाखवला असता? देवळात त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या.