होडी दिसली, तर सांगायचं कुणाला?

१८ ऑगस्ट २०२२. ऑफिसात डबा उघडला आणि घरच्या ग्रुपवर धडाधड मेसेज यायला लागले. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागलीये, आत तीन एके-४७. आमचं शनिवारचं श्रीवर्धनचं बुकिंग होतं. सासऱ्यांचा लगेच फोन, "गपचूप घरी बसा." (आम्ही गेलो. ॲडव्हान्स भरलेला होता, पुणेकर आहोत.)

दुसऱ्या बातमीपर्यंत उलगडा झालाच. मस्कतहून युरोपला निघालेली, एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची 'लेडी हान' नावाची नौका. जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं, बोट तशीच सोडून दिली. दहशतवादाशी संबंध नाही, असं फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं आणि सगळ्यांनी हुश्श केलं.

मला मात्र घाम फुटला तो त्यानंतर. बंदुका असलेली बोट पावणेदोन महिने समुद्रात फिरते, थेट रायगडच्या खडकाला येऊन लागते, आणि पोलिसांना कळवतात कोण, तर किनाऱ्यावरची माणसं! हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. ३१ जुलै २०११ ला 'पवित' नावाचं सोडून दिलेलं आख्खं तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन बसलं होतं. २६/११ ला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

आता सगळे म्हणतात, गुप्तचर यंत्रणा वाढवा. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. माहिती आपल्याकडे बहुतेक वेळा असते, त्या माहितीला मालक नसतो.

२००८ चंच घ्या. समुद्रमार्गे हल्ला होईल, मुंबईतली मोठी हॉटेलं लक्ष्य आहेत, असे इशारे आधीपासून येत होते. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही त्या इशाऱ्यांचा एकत्र, नीट विचार झाला नाही याकडे बोट दाखवलं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले. 'कुबेर' ही पोरबंदरची बोट पळवून दहा जण आले, रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीत उतरले. तिथल्या लोकांनी त्यांना पाहिलं, हटकलंसुद्धा. पुढचं माहीतच आहे, १६६ माणसं गेली. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची गोष्ट आणखी वाईट. श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं ते काही वर्दीवाल्यांना माहीत असताना. त्यासाठी कस्टम आणि पोलिसांतल्या लोकांना टाडा कोर्टाने शिक्षा दिल्या. तिथे प्रश्न माहितीचा नव्हताच.

मुळात रचना बघा. किनाऱ्याजवळ सागरी पोलिस, ते राज्याच्या गृहखात्याचे. पुढे तटरक्षक दल आणि नौदल, ते संरक्षण मंत्रालयाचे. कस्टम अर्थखात्याचं. मोठी बंदरं केंद्राच्या बंदरं आणि जहाज वाहतूक मंत्रालयाकडे, त्यांच्या फाटकावर सीआयएसएफ (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल), म्हणजे पुन्हा गृहखातं, पण दिल्लीचं. मासेमारीचे परवाने राज्याच्या मत्स्यखात्याकडे. आयबी आणि रॉ वेगळेच. आपल्याकडच्या लग्नात आठ काका वाढायला उभे असतात ना, तसं. भात संपला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

काहीच झालं नाही असं म्हणणार नाही. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे दिली. २०१४ मध्ये गुरुग्रामला किनारी रडारांची माहिती एकत्र आणणारं केंद्र सुरू झालं. २०२२ मध्ये राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक नेमले, व्हाइस ॲडमिरल अशोक कुमार. ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून घडलेले. नेमणूक मला आवडली, पण 'समन्वयक' या शब्दाची धास्ती वाटते. सोसायटीत मीपण दोन वर्षं समन्वयक होतो. बैठका घेता येतात, पाणी सोडता येत नाही. बंदरांसाठीही आता विमानतळांच्या धर्तीवर वेगळा सुरक्षा ब्युरो करायचं ठरलंय. चांगलंय. फक्त तो नववा काका होऊ नये.

त्या शनिवारी संध्याकाळी श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर एका तांडेलाशी, म्हणजे मच्छीमार बोटीच्या कप्तानाशी, गप्पा झाल्या. साठीचा माणूस. बोटीच्या केबिनमध्ये फळीवर त्याने ऑइलपेंटने दोन नंबर लिहून ठेवलेत: १०९३ सागरी पोलिसांचा, १५५४ तटरक्षक दलाचा. पहिल्या नंबरातला ९ खाऱ्या हवेने निम्मा उडालेला. मी विचारलं, कधी फोन केलात का?

"केला ना एकदा. बिननंबरची बोट दिसली, जाळं टाकत नव्हती, नुसती उभी. फोन लावला तर म्हणं, नक्की कुठल्या हद्दीत हाय? दर्यात काय कुंपण हाय काय? दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावलं. सकाळपासून दुपारपर्यंत बाकड्यावर. बोट बंदरात, भरलेला बर्फ पाणी झाला, खलाश्यांना मजुरी द्यावीच लागली."

आणि ती बोट कुणाची निघाली?

"आपल्याला कोण सांगतंय?"

या माणसाला सगळे 'किनाऱ्याचे डोळे आणि कान' म्हणतात. मग माझी मागणी साधी आहे. दोनऐवजी एक नंबर करा, हद्द कुणाची ते फोन उचलणाऱ्याने शोधावं. जबाब बंदरावर येऊन घ्या. त्याच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे द्या. आणि आठवड्याच्या आत त्याला उलटा फोन करून सांगा, तुम्ही पाहिलेली बोट अमुक होती. गुप्त असेल तर 'तपासली, धन्यवाद' एवढं तरी. बोटींवर त्यांची जागा कळवणारे ट्रान्सपॉन्डर बसवा, रडार वाढवा, पण एकदा तोंडघशी पडलेला तांडेल दुसऱ्यांदा फोन करणार नाही, आणि त्याची भरपाई कुठलाही उपग्रह करणार नाही.

बाय द वे, समुद्राच्या बाबतीत आपसात न जमणं हे पुण्याला काही नवीन नाही. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांशी बिनसलं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि विजयदुर्गात मराठ्यांचंच आरमार जळालं. आंग्रेही काही धुतल्या तांदळाचे नव्हते, मान्य. कमेंटमध्ये भांडायचं असेल तर जरूर भांडा, मी आहे.

निघताना त्या तांडेलाने मला विचारलं, "ती हरिहरेश्वरची बोट कुणाची हो, खरंच गोऱ्या बाईची?" दहा-पंधरा मैलांवर लागलेली बोट, आणि हा पुण्याहून आलेल्या पर्यटकाला विचारतोय. मी पेपरात वाचलं होतं तेवढं त्याला सांगितलं.