वासोट्यावर अर्धाच तास का मिळाला: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी आपण सातजण आमच्यातर्फे बामणोलीहून वासोटा किल्ल्यावर गेलात आणि घरी पोहोचल्यावर आम्हाला पाचपैकी दोन तारे दिलेत. जेवण गार होते, जळवांची आधी कल्पना दिली नव्हती, गडावर जेमतेम अर्धा तास मिळाला, गडाचा बाबूकडा दाखवलाच नाही, त्याचे पैसे परत हवेत आणि ‘वाटाड्या म्हणून दिलेला म्हातारा दिवसभर घड्याळ बघत चला चला करत होता’, असे आपण लिहिले आहे. आपला दिवस मनासारखा गेला नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. जळवांबाबत आपले म्हणणे सोळा आणे खरे आहे. पावसाळा सरला तरी झाडीतली ओल महिनाभर हटत नाही आणि तोवर जळवा असतातच, हे आम्हाला इतके अंगवळणी पडले आहे की पाहुण्यांना सांगायचे राहून जाते. आपले वाटाडे होते त्या आमच्या काकांच्या खिशात तंबाखू-चुन्याची पुरचुंडी असते, परंतु ती जळू चिकटल्यानंतरच्या उपयोगाची. आधी सांगणे हे आमचे काम होते आणि ते झाले नाही.

जेवण गार होते हेही खरे. पिठले-भाकरी आणि वांग्याची भाजी पहाटे घरी होते, डब्यात भरून लाँचमधून येते आणि दुपारी अडीच वाजता गडावर उघडते. अभयारण्यात चूल पेटवता येत नाही, त्यामुळे तिथे जेवण कोणाच्याच हातून गरम मिळणार नाही.

मात्र अर्ध्या तासाबद्दल मला सविस्तर लिहिणे भाग आहे. तो अर्धा तास आम्ही हिशेबात मारला, असा अर्थ आपल्या अभिप्रायातून निघतो आणि तो वाचून एका मंडळाने पुढच्या शनिवारची नोंदणी रद्दही केली आहे. आमचा हंगाम ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा म्हणायचा, परंतु चूल पेटते ती शनिवार-रविवारच्या साठ-सत्तर दिवसांवर, आणि त्यातला एक गेला तरी घरात कळतो.

नोंदणी करताना आपल्याला लिहून कळवले होते की सकाळी आठला लाँच सुटेल, म्हणून साडेसातपर्यंत बामणोलीत यावे. सात वाजून वीस मिनिटांनी मी केलेला फोन आपण उचललात तेव्हा आपण साताऱ्यातून निघत होता, आणि बामणोलीत आपली गाडी लागली ती नऊ वाजून दहा मिनिटांनी. वाटेत कासच्या पठारावर धुके फार सुंदर उतरले होते म्हणून थांबलो, असे आपणच हसत हसत सांगितलेत. धुके सुंदरच असते, मी नाही म्हणत नाही. फुलांचा बहर ओसरल्यावरही कासला थांबणारे पुष्कळजण असतात. परंतु त्यानंतर सातजणांची ओळखपत्रे, परवानगीचा कागद, कोणाच्या तरी बुटाचा तळ निघाला तो सुतळीने बांधणे, असे करता करता लाँच सुटायला दहाला दहा मिनिटे उरली होती.

शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, सकाळचे धुके असते हेही लक्षात घ्यावे. आठला निघालेल्या लाँचलाही कधी कधी पाण्यावर अर्धा तास थांबावे लागते, कारण समोरचा काठ दिसत नाही. म्हणूनच आम्ही आठची वेळ हाताशी थोडा वेळ धरून ठरवलेली आहे. त्या दिवशी नशिबाने पाणी मोकळे मिळाले आणि आपण अकरा वाजून दहा मिनिटांनी गडाच्या पायथ्याशी मेट इंदवलीला उतरलात. वनखात्याच्या चौकीवर नावे लिहिली गेली, पिशव्या तपासल्या गेल्या, प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पुड्या मोजून त्यांची नोंद झाली. पाचच्या आत सगळे खाली पाहिजेत, हे तिथल्या वनरक्षकांनी आपल्यालाही सांगितले आणि काकांना दोनदा बजावले. साडेअकराला आपण चढायला लागलात.

आता हिशेब सरळ आहे. ओढ्याकाठी मारुती आणि गणपती आहेत, तिथून गडाच्या पायऱ्यांपर्यंत सवयीच्या माणसाला दोन तास आणि शहरातून आलेल्या मंडळींना अडीच तास लागतात. आपल्याला दोन तास पन्नास मिनिटे लागली. त्यात वावगे काहीच नाही. पहिल्या टप्प्यातली गर्द झाडी आणि अंगावर येणारा चढ भल्याभल्यांना बसवतो, आणि कारवीच्या पट्ट्यात पोहोचेपर्यंत वारा म्हणून लागत नाही. आपण दोन वाजून वीस मिनिटांनी वर पोहोचलात. उतरायला सुमारे दोन तास लागतात आणि ओल्या पानांवरून उतरताना पाय सरतो, म्हणून काकांनी तीनच्या आत निघायचे ठरवले. आपण दोन पंचावन्नला निघून पाचला दहा मिनिटे कमी असताना चौकीवर आलात. आठची लाँच साधली असती तर याच पावलांनी आपण साडेबाराच्या सुमारास वर असता आणि जेवण धरून आपल्याला सव्वादोन-अडीच तास मिळाले असते. यातला एकही मिनिट मी पदरचा घातलेला नाही. फोनवरच्या वेळा आणि चौकीतली नोंद, दोन्ही पाहता येतील.

पाचच्या आत येण्याची एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न आपल्या अभिप्रायाखाली आणखी एकाने विचारला आहे. हा भाग कोयना अभयारण्यात येतो आणि 2010 पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातही आहे. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा यादीत गेल्या त्यांतही कोयना आहे. पूर्वी लोक गडावर मुक्काम करीत आणि शेकोट्याही पेटवीत, हे मी लहानपणी पाहिलेले आहे. आता मुक्कामाला परवानगी नाही. दिवस कलला की गवे पाण्याकडे उतरतात, अस्वलाचा वावर सुरू होतो, आणि आपल्या मंडळींपैकी एकाच्या पिशवीत गाणी लावलेला स्पीकर होता तो बंद करा असे काकांनी म्हटले, त्याचे कारणही तेच. त्याचा राग आला असल्यास क्षमस्व. उद्या आमच्या पाहुण्यांमुळे नियम मोडला गेला, तर आपल्याला फार तर एकदा बोलणी बसतील, आम्हाला मात्र त्याच चौकीवर दर आठवड्याला तोंड दाखवायचे असते.

बाबूकड्याचे म्हणाल, तर वर पोहोचल्यावर काकांनी आपल्याला बिनछपराच्या मारुतीपाशी बसवले, डबे उघडले आणि नंतर महादेवाच्या देवळाकडे नेले. बाबूकडा उलट अंगाला आहे. कोकणातून वर येणारी ओली हवा त्या कड्याला धडकून वर चढते आणि वर येता येता तिचे ढग होतात, त्यामुळे खाली ऊन असले तरी माथ्यावर पांढरे धुके कोंडलेले असू शकते. त्या दिवशी दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, हे आपल्याच छायाचित्रांत दिसते. स्वच्छ दिवशी त्या कड्यावरून समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर आणि मधली खोल दरी दिसते, तर माचीवरून नागेश्वराचा सुळका आणि पलीकडे महिपतगड, सुमारगड, रसाळगड असे ओळीने दाखवता येतात. धुक्यात यातले काहीही दिसले नसते, उलट कडा कोठे संपतो हेही कळले नसते. काठी आडवी धरून ‘तिकडे नाही जायचे’ असे काका म्हणाले, त्याला आपण अरेरावी म्हटले आहे. आपल्या जागी माझा स्वतःचा मुलगा असता तरी त्यांनी तेच केले असते. धुक्याचे पैसे परत मागणे मात्र मला समजलेले नाही.

ज्यांना आपण ‘म्हातारा’ म्हटले आहे, ते माझे सख्खे चुलते. आमचे जुने घर शिवसागराच्या पाण्यात गेले तेव्हा ते लहान होते, आणि तेव्हापासून या रानात त्यांचे पाय फिरत आहेत. नागेश्वराची वाट आणि वासोट्याची वाट जिथे फुटते, तिथे धुक्यात चुकलेल्यांना त्यांनी किती वेळा हाका मारून परत आणले असेल, हे मोजून ठेवण्याची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांच्या मनगटावर जुने एचएमटी घड्याळ आहे. त्याच्या काचेला बारीक तडा असल्यामुळे अशा ओलसर दिवशी आत वाफ धरते आणि काटे दिसेनासे होतात. मग ते घड्याळ काढून सदऱ्याच्या आत छातीशी धरतात, थोड्या वेळाने बाहेर काढून बघतात, आणि पुन्हा वाफ धरली की पुन्हा आत. आपण दिवसभर पाहिलेत ते हे. नवे घड्याळ मी दोनदा आणून दिले, ते त्यांनी कपाटात ठेवले आहे. अभिप्राय मी त्यांना वाचून दाखवलेला नाही, परंतु गावात फोन सगळ्यांकडेच असल्यामुळे तो त्यांच्या कानावर गेला असावा; परवा त्यांनी मला, ‘ती मंडळी नीट पोचली का रे?’ एवढेच विचारले.

दराबद्दल आपण ओझरते लिहिले आहे म्हणून मीही ओझरतेच लिहितो: लाँचचे भाडे आणि वनखात्याचे शुल्क ठरलेले आहे, ते आमच्या खिशात येत नाही, आमचे ते जेवणाचे आणि काकांच्या दिवसाचे.

आपल्या सूचनांचा आम्ही जरूर विचार करू. जळवांची सूचना यापुढे नोंदणीच्या वेळीच देऊ, जेवणाच्या डब्यांचेही काही तरी बघू, आणि उशीर झालेल्या मंडळींना गडावर किती वेळ मिळेल हे लाँचमध्ये बसण्याआधीच सांगावे, असे घरात बोलणे झाले आहे. आपल्याला पुन्हा यायचे असल्यास जानेवारी-फेब्रुवारीत या. तेव्हा हवा कोरडी असते आणि बाबूकडा बहुधा मोकळा मिळतो. वाटाड्याचे पैसे त्या वेळी घेणार नाही. लाँच आठलाच सुटेल.

आपला नम्र,
बामणोली

ता. क. आपल्यापैकी कोणाची तरी निळी टोपी लाँचमध्ये राहिली होती. ती काकूंनी धुऊन ठेवली आहे. पत्ता कळवल्यास एसटीच्या पार्सलने पाठवतो.