‘तेजोमेघांचे फोटो बनावट असतात’: दादाने पाठवलेल्या मेसेजला उत्तर

रविवारी पोहे खाताखाता दादाने आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘तेजोमेघांच्या (म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगांच्या) फोटोंचं मोठं गुपित उघड!’ खाली एका निवृत्त शास्त्रज्ञाची कबुली, शास्त्रज्ञाचं नाव अर्थातच नाही. हाच मेसेज त्या आठवड्यात आणखी तिघांकडून आला होता. मी दुर्बिणीला वेबकॅम लावून असे फोटो काढते, म्हणून एकीने तर ‘तू पण हेच करतेस ना गं?’ असंही विचारलं होतं. तरी मी गप्प होते.

मंगळवारी दुपारी दादाचा मुलगा शाळेतून थेट इंदूरच्या रामबागेत आमच्याकडे आला. नववीत आहे. दप्तर टाकलं आणि म्हणाला, “आत्या, ते रंग तूच भरतेस का?” मग खिशातून एक गोल चकती काढली. आजोबांच्या एक्स-रे फिल्ममधून कात्रीने कापलेली. “ही दुर्बिणीला लावून सूर्य बघायचाय.”

म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. दुर्बिणीतून डोळ्याने बघितलं तर तेजोमेघ राखाडी दिसतो, फोटोत मात्र लाल-निळा, म्हणजे रंग भरलेले. 1300 प्रकाशवर्षांवरचं काही साडेचार इंची दुर्बिणीतून आणि वेबकॅममधून दिसणं शक्यच नाही. शेकडो फोटो एकावर एक चढवून चित्र ‘तयार’ करतात. वेबकॅमचा फिल्टर काढला की घरात घातक किरण पसरतात. शहरातून तर काहीच दिसत नाही. आणि शेवटी: ‘खरं-खोटं स्वतः तपासा. दुर्बिणीच्या भिंगाला जुनी एक्स-रे फिल्म लावा आणि सूर्य बघा. तो जसा आहे तसाच दिसेल, कारण त्यात कोणी रंग भरत नाही.’

शेवटचं आधी घेते, कारण बाकीच्या मूर्खपणाने कोणाचा डोळा जात नाही.

माझ्या दुर्बिणीचा आरसा 114 मिलिमीटरचा आहे. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकसून 2-3 मिलिमीटरची होते. म्हणजे आरसा नुसत्या डोळ्याच्या हजारपटीहून जास्त ऊन गोळा करतो आणि ते एका बारक्या जागेत आणून सोडतो. तुम्ही फिल्म चिकटवणार नेमकी त्या जागेजवळ, डोळ्यापाशी. ती तापते, वितळते, आणि ते घडतं तेव्हा डोळा भिंगाला लावलेला असतो. समजा नाही वितळली. तरी काळं दिसतं म्हणजे डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश अडला असं होत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाहीत, त्यामुळे पडदा भाजत असताना पोराला काही जाणवणार नाही. नजरेत डाग पडलाय हे कळतं काही तासांनी, आणि तो डाग कायमचा राहू शकतो.

आता आमच्या हिरोची चकती बघा. एक्स-रेमध्ये हाड पांढरं दिसतं, म्हणजे तिथली फिल्म सगळ्यात पारदर्शक. याने चकती कापली ती बरोब्बर गुडघ्याच्या हाडावरून, कारण ‘तिथे डिझाइन छान होतं’. मी ती खिडकीसमोर धरली तर पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल दिसत होते. ही सूर्याला लावणार होता. माझे हात थरथरत होते, हे इथे मुद्दाम लिहिते.

सूर्य बघायचाच असेल तर दुर्बिणीसाठी बनवलेला सौर फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावर लावायचा, वाऱ्याने उडणार नाही असा घट्ट. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण घालायचं. आणि मोठं माणूस तिथे उभं पाहिजे. दादा, मेसेज पुढे पाठवलास तसा हा परिच्छेदही पाठव.

आता ‘थर चढवण्याच्या’ आरोपाकडे. हा सगळ्यात जास्त पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे.

साध्या वेबकॅममध्ये एका फोटोला सेकंदाचा बारीकसा अंश मिळतो. चंद्राला, गुरूला तेवढा पुरतो, तेजोमेघाला नाही. 2000 नंतरच्या दोनचार वर्षांत हौशी लोकांनी फिलिप्सच्या टूकॅमसारखे वेबकॅम उघडले, आतल्या चिपचे पाय उचलून त्यांना तारा जोडल्या आणि संगणकाच्या जुन्या 25 पिनांच्या प्रिंटर पोर्टवरून कॅमेऱ्याला ‘अजून थांब’ असं सांगायला लावलं. मग एक फोटो 20-30 सेकंदही प्रकाश साठवू लागला. पुढचं भिंग काढून त्या जागी फिल्म रोलची रिकामी डबी बसवायची. ती सव्वा इंची नळीत जवळजवळ मापाने बसते. पहिला वेबकॅम माझ्या हातून सोल्डर करताना जळला. दुसरा अजून चालतो.

गेल्या मे महिन्यात, पहाटे दोनच्या सुमाराला अभिजित तारा डोक्यावर असताना, मी त्याच्याजवळच्या कंकण तेजोमेघाचे 20 सेकंदांचे 120 फोटो घेतले. एकूण 40 मिनिटांचा प्रकाश. त्यातला कुठलाही एक फोटो उघडा: रवा सांडल्यासारखे दाणे आणि मध्ये ओल्या पेल्याने टेबलावर उमटावं तसं एक फिकट वर्तुळ. वर्तुळ प्रत्येक फोटोत त्याच जागी. दाणे प्रत्येक फोटोत वेगळीकडे. सरासरी काढली की दाणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर्तुळ उरतं. 16 फोटोंनी चित्र चौपट स्वच्छ होतं, 100 फोटोंनी दसपट. आईला मी भजनी मंडळाचं उदाहरण दिलं. शंभर जणी गातात, खोकला प्रत्येकीला वेगळ्या वेळी येतो, चाल सगळ्यांची एकच. ऐकणाऱ्याच्या कानात चाल राहते.

भाच्याला उदाहरण चालेना, म्हणून त्यालाच माउस दिला. दुर्बिणीवर टोपण घालून काढलेले फोटोही माझ्याकडे असतात, चिपचे स्वतःचे डाग वजा करायला. त्यातले तीस घे म्हटलं, आणि एकावर एक चढव. चढवले. चिपचे ठरलेले डाग तेवढे उठून दिसले, बाकी काळं. “यात कंकण का नाही आलं?” म्हणाला. म्हटलं, मेसेजवाल्या काकांना विचार.

रंगांचं म्हणाल तर अर्धा मुद्दा, नाइलाजाने, मान्य. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत, म्हणून दुर्बिणीत राखाडी दिसतं. त्यात फोटोचा काय दोष? हबल अवकाश दुर्बिणीचं 1995 सालचं ते वायूच्या खांबांचं प्रसिद्ध चित्र मात्र खरोखरच वाटून दिलेल्या रंगांचं आहे: गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीची चित्रं तर इन्फ्रारेडमधली, तिथे रंग ठरवावेच लागतात. हे लपवलेलं नाही, जाहीर सांगितलेलं आहे. पण म्हणून रंगच नाहीत?

29 ऑगस्ट 1864 च्या रात्री इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग सुटे करणाऱ्या उपकरणातून, बघितला. इंद्रधनुष्याचा पट्टा दिसेल अशी अपेक्षा, दिसल्या सुट्या तेजस्वी रेघा. त्यातली ठळक रेघ हिरवट. तेजोमेघ तापलेल्या वायूचे असतात हे तिथे कळलं. ती हिरवी रेघ कुठल्या मूलद्रव्याची, यावर साठ वर्षं डोकेफोड झाली. शेवटी 1927 साली आयरा बोवेन यांनी दाखवलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तिची तरंगलांबी 500.7 नॅनोमीटर. हायड्रोजनची लाल रेघ 656.3 वर. हे रंग माझ्या गच्चीवर ठरले नाहीत. आणि 1880 साली हेन्री ड्रेपर यांनी मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो घेतला, जवळपास 50 मिनिटं प्रकाश साठवून. तीन वर्षांनी अँड्र्यू कॉमन यांच्या फोटोत तर त्याच दुर्बिणीतून डोळ्याला न दिसलेले तारे उमटले. तेव्हा फोटोशॉप कोणाकडे होतं, हे मेसेजात लिहिलेलं नाही.

अंतराचा मुद्दा दोन ओळींत संपतो. देवयानी दीर्घिका 25 लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्याने दिसते. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिए यांनी मृगातला तेजोमेघ आपल्या यादीत 1769 साली घातला, आजच्या हौशी दुर्बिणींच्या तोडीच्या साधनांनी. खरी अडचण वेगळीच आहे, ती मेसेजवाल्याला माहीतच नाही: टूकॅमची चिप नखाहून लहान. माझ्या दुर्बिणीच्या 900 मिलिमीटर नाभीय अंतराला (आरशापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराला) तिच्यात पौर्णिमेच्या चंद्राचा अर्धा व्यासही मावत नाही, आणि मृगातला तेजोमेघ चंद्राच्या दुप्पट रुंद. म्हणजे मला त्याचं पोट आणि मधले चार तारे मिळतात, बस. कोणी एका वेबकॅम फोटोत अख्खा दाखवत असेल तर दुर्बीण कुठली, की तुकडे जोडलेत, हे जरूर विचारा.

फिल्टर काढल्याने किरण पसरतात म्हणे! कॅमेरा प्रकाश घेतो, सोडत नाही. ती काच चिपवर येणारा इन्फ्रारेड अडवते आणि हायड्रोजनचा लालही थोडा खाते, म्हणून काढतात. टीव्हीचा रिमोट अशा वेबकॅमसमोर धरून बटण दाबा, टोकाचा दिवा लखलखताना दिसेल. किरण सोडतोय तो रिमोट, आणि तो रोज तुमच्या हातात असतो.

शहराचा मुद्दा? इंदूरचं आकाश वाईट आहे, कबूल. दिवाळीनंतर तर आठवडाभर धूर. मी जमेल तेव्हा शहराबाहेर जानापावच्या डोंगराकडे जाते. पण कंकण छोटं आणि ठसठशीत आहे, ते रामबागेतूनही येतं. वर सांगितलेले 120 फोटो इथलेच आहेत.

चकती माझ्या कपाटात आहे. बाबांना पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जायचंय, जुना एक्स-रे घेऊन या म्हणालेत. गुडघ्याच्या जागी बरोब्बर गोल भोक आहे. ते कसं पडलं हे डॉक्टरांना दादा सांगणार आहे, असं मी ग्रुपवर लिहिलंय.