मरणाची तारीख माझ्या एकटीची नसते

"तुझ्या मरणाची तारीख कुणी चिठ्ठीत लिहून दिली, तर उघडून बघशील?" गप्पांत हा प्रश्न निघाला की काही जण लगेच म्हणतात, बघणार, म्हणजे सगळं नीट आवरून ठेवता येईल. काही जण कानांवर हात ठेवतात. माझं उत्तर "नाही" आहे. भीती वाटते हे खरंच, ती कुणाला चुकली आहे? पण माझी मुख्य अडचण वेगळी आहे.

त्याआधी एक गोष्ट. हा प्रश्न ऐकताना प्रत्येक जण मनात आपल्या सोयीची तारीख धरून बसतो. "बघणार" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साधारण वर्षभराचा काळ असतो. नोकरी सोडायची, जुनी भांडणं मिटवायची, राहिलेले प्रवास उरकायचे. मग कुणीतरी परीक्षिताचा दाखला देतं. सात दिवसांत तक्षक डसणार हे कळल्यावर त्याने राज्य मुलाच्या हाती दिलं आणि गंगेकाठी जाऊन बसला. सात दिवसांचं ठीक आहे हो! शापातली मुदत एकतीस वर्षांची असती तर? राज्य आज सोडायचं की तिसाव्या वर्षी? तोवर दरबार भरवायचा की नाही? एकतीस वर्षांनंतरची तारीख हातात असलेल्या माणसालाही उद्या सकाळी उठून कामावरच जायचं असतं. त्याच्या डोक्यातला एक आकडा तेवढा रोज एकाने कमी होत राहणार. या हिशेबातून शहाणपण कसं काय येणार, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

जर्मनी आणि स्पेनमधल्या दोन हजारांहून जास्त लोकांना गेर्ड गिगेरेंझर आणि रोसिओ गार्सिआ-रेतामेरो या मानसशास्त्रज्ञांनी असलेच प्रश्न विचारले होते. तो अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे येणारं वाईट आधी कळायला नको, असं म्हणणारे ८५ ते ९० टक्के निघाले. त्यात आपल्या मरणाबरोबर जोडीदाराच्या मरणाचाही प्रश्न होता, आणि मला तोच जास्त अवघड वाटतो. माझी तारीख मी एक वेळ पोटात ठेवीन. नवऱ्याची कळली तर त्याच्याशी किरकोळ कारणावरून भांडायचं कसं? आणि भांडणच बंद झालं, तर त्याला दुसऱ्याच दिवशी कळेल की काहीतरी आहे.

हे सगळं कल्पनेतलं झालं. पण काही माणसांसमोर ही चिठ्ठी खरोखर ठेवलेली असते. हंटिंग्टन नावाचा मेंदूचा आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. बहुतेकांना तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान लक्षणं दिसू लागतात आणि तो बरा करणारं औषध अजून नाही. त्याचं जनुक १९९३ साली सापडलं. तेव्हापासून रक्ताच्या तपासणीवरून थेट सांगता येतं की हा तुमच्या वाट्याला येणार की नाही. नक्की दिवस कळत नाही, पण वाट कळते. तपासणी उपलब्ध नव्हती तेव्हा अशा घरांतल्या बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की ती आली की आम्ही करून घेऊ. ती आली, तेव्हा करून घेणारे थोडेच निघाले. नॅन्सी वेक्सलर यांची आई याच आजाराने गेली. वेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांत वर्षानुवर्षं फिरून त्यांनी या जनुकाच्या शोधात मोठा वाटा उचलला. तपासणी हाताशी आली, तेव्हा त्यांनी स्वतःची केली नाही. पुढे २०२० मध्ये, आपल्यालाही हा आजार आहे, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. याला कुणी पळपुटेपणा म्हणणार असेल तर त्याने आधी एवढं काम करून दाखवावं.

माझी खरी अडचण इथेच आहे. समजा आईच्या वडिलांना हा आजार होता. आईला आपल्याबद्दल जाणून घ्यायचं नाही. तिचा मुलगा मात्र म्हणतो, मला कळलंच पाहिजे. तो तपासणी करतो आणि आजार आहे असं निघतं. मग तो आईकडूनच आलेला असणार, म्हणजे तिची चिठ्ठीसुद्धा उघडली गेली, तिला न विचारता. मुलाने गप्प राहायचं ठरवलं तरी त्याच्या चेहऱ्याचं काय? जुळे असतील, तेही एकसारखे, तर एकाची तपासणी म्हणजे दुसऱ्याचीही. "माझं मरण, माझा हक्क" हे वाक्य ऐकायला छान आहे, पण माझ्या मरणाची माहिती माझ्यापाशी थांबत नाही.

ती घराबाहेरही जाणारच. आयुर्विमा चालतो तो कोण कधी जाणार हे कुणालाच माहीत नसतं म्हणून. तारखा कळल्या तर विमा बंद, लांब मुदतीचं कर्ज मागताना आधी तारीख दाखवा, लग्न ठरवतानाही तेच. फ्रान्समधल्या आर्ल्स गावच्या जान काल्माँ यांचा किस्सा पाहा. १९६५ साली त्या नव्वद वर्षांच्या होत्या. एका सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलाने त्यांच्याशी करार केला: त्या असेपर्यंत दरमहा २,५०० फ्रँक द्यायचे आणि त्यांच्या माघारी त्यांचं घर घ्यायचं. हिशेब सरळ होता. पण १९९५ मध्ये वकील आधी गेले, घर हाती न येताच, आणि पैसे त्यांच्या घरच्यांना भरत राहावे लागले. बाई १९९७ साली गेल्या, १२२ वर्षांच्या होऊन. दोघांच्या तारखा माहीत असत्या तर हा करार झालाच नसता, आणि नव्वदीतल्या बाईला दरमहा पैसे कुणी दिले असते?

एका प्रसंगी मात्र मला सगळं कळायला हवं आहे. आजार शेवटाकडे चालला असेल, तेव्हा. तिथे तारीख कुणालाच देता येत नाही, अंदाज देता येतो, आणि तोही बहुधा चुकतो. २००० साली क्रिस्टाकिस आणि लॅमॉन्ट यांनी मरणपंथाला लागलेल्या ४६८ रुग्णांबद्दलचे डॉक्टरांचे अंदाज तपासले. अचूक निघाले २० टक्के, आणि ६३ टक्के अंदाज गरजेपेक्षा जास्त आशावादी होते. चूक उलट बाजूनेही होते. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये एक दुर्मीळ कॅन्सर झाला. त्यातले निम्मे रुग्ण आठ महिन्यांत जातात, असं त्यांच्या वाचनात आलं. आपण उरलेल्या निम्म्यांतही असू शकतो, आणि त्यांच्यातले काही फार लांबपर्यंत जातात, हे त्यांनी नीट समजून घेतलं. ते २००२ पर्यंत जगले आणि गेले ते वेगळ्याच कॅन्सरने. म्हणून "किती महिने?" हा प्रश्न मी विचारणार नाही. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांचे डॉक्टर स्वतःला एक प्रश्न विचारतात: "हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का?" त्याचं उत्तर मला हवं, माझ्या तोंडावर, दाराबाहेर कुजबुजून नको.

हे मी नवऱ्याला सांगून ठेवलं. तो म्हणाला, "डॉक्टर आधी मला सांगू देत, मग तुला कितपत सांगायचं ते मी बघतो." यावर आमचं अजून वाजतंय.