रॉमध्ये काढलं म्हणजे सगळं सुटतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

रोखठोक लिहिलंत, बरं वाटलं. लग्नात ग्रे कार्ड (रंगाचं माप घ्यायचं करड्या रंगाचं कार्ड) वापरा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) फोटो काढला की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाप्रमाणे रंग जुळवणं) नंतर कॉम्प्युटरवर हवा तसा करता येतो, मग लग्नाच्या गर्दीत ग्रे कार्ड नाचवायचं कशाला? आणि केल्विन (उजेडाचा रंग मोजायचा आकडा) जास्त म्हणजे उजेड निळसर, हे मी उलटं लिहिलंय, कारण तुमच्या कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो.

दुसरा आधी घेतो, तो पटकन मिटतो. केल्विन जास्त म्हणजे उजेड निळसर, हे बरोबरच आहे. पण मेनूतला आकडा म्हणजे समोरचा उजेड एवढ्या केल्विनचा आहे, असं आपण कॅमेऱ्याला सांगणं. 5500 च्या उन्हात 7500 लावलंत तर कॅमेरा उजेड निळा समजतो आणि तो मारायला पिवळा ओततो. जाता जाता: 2800 वरून 3300 ला गेल्यावर रंगात जेवढा फरक पडतो, त्याच्या चौथाईच 6000 वरून 6500 ला पडतो. म्हणून हॅलोजनखाली शंभर-शंभरनं सरका, उन्हात पाचशेनं उडी मारली तरी चालतं.

आता रॉ. फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स नुसता नोंदलेला असतो, रंग पक्के झालेले नसतात, इथवर तुमचं खरं. पण पिवळ्या बल्बाखाली सेन्सरवर निळा उजेडच कमी पडतो. नंतर रंग सारखा करताना तोच निळा चॅनल (फोटोतला निळ्या रंगाचा भाग) वर ओढावा लागतो, आणि काळ्या केसांत, शेरवानीच्या घड्यांत दाणे उठतात. शिवाय पाठीमागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) रॉवरून नाही, जेपेगवरून (कॅमेऱ्यानं रंग पक्के करून बनवलेला फोटो) बनतो. व्हाइट बॅलन्स चुकलेला असला की लाल चॅनल फाटला (लाल इतका भरला की त्यातले बारकावे गेले) की नाही, हेही तो धड सांगत नाही. व्हिडिओवाल्याला तर बहुतेक वेळा रॉ नसतंच. दोन कॅमेऱ्यांचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर एकाच नवरीचा चेहरा कटागणिक बदलतो. दोन्हींवर एकच केल्विन बांधून टाका.

हळदीत तर ऑटो हमखास फसतो. पिवळे कपडे, पिवळा पडदा, झेंडूच्या माळा. एवढा पिवळा बघून कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे. तो निळा घालतो आणि हळद लिंबासारखी फिकी, चेहरा निस्तेज. इथं कार्ड लागतंच, आणि ते चेहरा असेल त्याच जागी, चेहऱ्याच्याच दिशेला धरायचं. मांडवाचं लाल-पिवळं कापड उन्हाचा रंग बदलतं, कापडाबाहेर धरलेलं कार्ड तिथं कामाचं नाही. फ्रेमचा मधला भाग कार्डानं भरा, एक्सपोजर मध्यम ठेवा. कार्ड पांढरंफटक उडालं तर माप चुकतं. कॅननमध्ये तो फोटो कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये निवडून नंतर कस्टमचं चिन्हही लावावं लागतं. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात. निकॉनमध्ये प्री (कार्डावरून माप घ्यायचा पर्याय) लुकलुकेपर्यंत व्हाइट बॅलन्सचं बटण दाबून धरा, मग कार्डाचा फोटो घ्या. कार्डाऐवजी झेरॉक्सचा कागद वापरू नका. त्यातल्या चमक-रसायनामुळे तो उन्हात निळसर दिसतो आणि फोटो उगाच पिवळट होतो.

आणि मिश्र उजेड, तिथं रॉही हात टेकतं. कार्यालयाच्या खिडकीतून ऊन, स्टेजवर हॅलोजन, वर तुमचा फ्लॅश: अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी. एका आकड्यानं दोन्ही बाजू सुधारत नाहीत. फ्लॅशला फुल सीटीओ जेल (उजेड नारिंगी करणारी पारदर्शक पट्टी) लावा, तो 3200 च्या आसपास येतो. उजेड पाऊण स्टॉपभर (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी होतो, तेवढी पॉवर वाढवा. स्वस्त एलईडीचा हिरवटपणा केल्विननं जात नाही. त्यासाठी व्हाइट बॅलन्स शिफ्ट (मेनूतली हिरवा-गुलाबी बदलायची सोय) मॅजेंटाकडे, म्हणजे गुलाबी-जांभळ्याकडे, सरकवा. डीजेवाल्याचे निळे-जांभळे पार लाइट (स्टेजचे रंगीत दिवे) मात्र कशानंच सुधारत नाहीत. मंगलाष्टकं होईपर्यंत ते बंद करायला सांगा, रागावला तर रागावू द्या.

शेवटी वेरूळच्या लेण्यात फोटो काढताना आकडा काय लावावा, हे विचारलंत. कैलास लेणं पश्चिममुखी, डोंगरात वरून खाली खोदलेलं. सकाळी चौकात ऊन पोचत नाही, फक्त आभाळाचा उजेड येतो. म्हणून दगड निळा दिसतो. 7000 ते 7500 लावून बघा. दुपारनंतर ऊन-सावली दोन्ही फ्रेममध्ये असेल तर आकडा उन्हाचा ठेवा आणि सावली थोडी निळी राहू द्या.