टायरमध्ये नायट्रोजन नको, गेज हवा

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाला की आपल्याकडच्या चर्चेत तीन सल्ले ठरलेले असतात. काँक्रीट तापतं म्हणून जपा, नायट्रोजन भरा आणि उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा. पहिल्यात तथ्य आहे. दुसऱ्यात फारसं नाही, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तिसरा मात्र जिवावर बेतणारा आहे.

तिसऱ्याकडे वळण्याआधी टायर बदलायची इथली, म्हणजे इंग्लंडमधली, पद्धत पाहू. इथल्या खेड्यात टायर बदलायला माणूस व्हॅन घेऊन दारात येतो. यॉर्कशायर डेल्ससारख्या डोंगराळ भागात टायरचं दुकान म्हणजे थेट स्किप्टनसारखं बाजाराचं गाव गाठणं. नाक्यावर पंक्चरवाला नाही आणि बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीही नाही, तिच्या जागी फेसाळ द्रवाची बाटली आणि छोटा पंप. (आपल्याकडेही २०२० पासून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि ट्यूबलेस दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते.) तो द्रव एकदा टायरमध्ये गेला की आतून चिकटा बसतो आणि पुष्कळ कारागीर मग पंक्चर काढायलाच नकार देतात.

बुकिंग करताना नुसता गाडीचा नंबर देऊन भागत नाही. एकाच मॉडेलला दोन-तीन मापांची चाकं येतात, म्हणून टायरच्या कडेवरचं माप वाचून सांगावं. २०५/५५ आर१६ ९१व्ही यातला ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलोपर्यंत भार, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरची मर्यादा. दुसरी अट लॉकिंग नटच्या किल्लीची. चोरी टळावी म्हणून प्रत्येक चाकाला एक वेगळ्या खाचेचा नट असतो आणि त्याची बोटभर किल्ली डिकीत जॅकशेजारी किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये पडलेली असते. ती सापडली नाही तर नट उपटून काढावा लागतो, त्याचे पैसे वेगळे. तिसरी अट जागेची: सपाट, टणक जमीन आणि गाडीभोवती मीटरभर मोकळीक. खेड्यातल्या अंगणात बहुधा खडी असते, तिच्यात जॅक रुततो. जाड फळी टाकून काम करणारा कारागीर शहाणा. उतार असेल तर न करणारा त्याहून शहाणा.

काम अर्ध्या-पाऊण तासाचं. गाडी जमिनीवर असतानाच नट अर्धा वळसा सैल करायचे, मगच जॅक. कडेच्या पत्र्याला जॅक लावायच्या ठरलेल्या खुणा असतात, त्या चुकल्या तर पत्रा चेपतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पसरतात, त्यामुळे अॅल्युमिनियमचं चाक लोखंडी हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजून चिकटलेलं असतं. ते सुटल्यावर हबचा दर्शनी भाग तारेच्या ब्रशने साफ करायलाच हवा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर चाक नीट बसत नाही आणि पुढे नट सैल होतात. टायर चढला की रबरी वॉल्व्ह नवा, मग बॅलन्सिंग, मग नट आडवे-तिडवे, ताऱ्याच्या क्रमाने आवळायचे, शेवटी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा पाना. बऱ्याच गाड्यांना ११० ते १३५ न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं एकक) लागतात, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासायचे.

इथला कायदा आपल्यापेक्षा कडक आहे असं सरसकट म्हणता येत नाही. कारच्या टायरवरच्या नक्षीची किमान खोली दोन्हीकडे १.६ मिलिमीटरच. फरक शिक्षेत आहे. इथे एका खराब टायरला २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ गुण. तीन वर्षांत १२ गुण झाले की लायसन्स जातं, म्हणजे चार गुळगुळीत टायरही पुरे पडू शकतात. २०२३ मध्ये आपल्या परिवहन विभागाने समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासून गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ते योग्यच होतं. पण नक्षी डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही; ती गेजने, म्हणजे दाब मोजायच्या यंत्राने, मोजावी लागते.

आता त्या तिसऱ्या, हवा कमी ठेवायच्या सल्ल्याचं. तापमान १० अंशांनी चढलं की टायरमधला दाब दीड-दोन पीएसआयने (हवा भरताना ज्याला आपण पॉइंट म्हणतो) वाढतो. सकाळी गार टायरमध्ये ३३ असलेली हवा तासभर धावल्यावर ३७-३८ दाखवणार, आणि कंपनीने हे धरूनच ३३ हा आकडा दिलेला असतो. धाब्यावर थांबून कुणी ती पुन्हा ३३ वर आणली, तर गार झाल्यावर टायरमध्ये २८-२९ उरते. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, कडा वाकून वाकून आतूनच तापते, रबर आणि तारा एकमेकांपासून सुटतात. त्यात पाच माणसं, वर सामान आणि ताशी १२० चा वेग. खापर मात्र फुटतं काँक्रीटवर.

पंक्चरच्या बाबतीत आपला नाक्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत वाट मोकळी करतो, ही सोय इथे पैसे टाकूनही मिळत नाही. पण बाहेरून खुपसलेली रबरी काडी इथल्या बीएस एयू १५९ या मानकात बसत नाही. टायर रिमवरून उतरवून आतून पाहायचा, भोक मधल्या तीन-चतुर्थांश पट्ट्यात आणि ६ मिलिमीटरपर्यंतचं असेल तरच आतून मशरूम पॅच (भोकात दांडा आणि आतल्या बाजूला टोपी बसणारं ठिगळ) लावायचा. उतरवण्याचं कारण एकच. हवा नसताना गाडी थोडी जरी चालली असेल तर कडेची आतली बाजू खरवडून काळा भुगा पडलेला असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. काडीवर घर गाठावं, नागपूर-मुंबई करू नये.

पुण्या-मुंबईतही आता घरपोच टायर बदलून मिळतात. त्यांच्याकडे नायट्रोजन आहे का हे विचारण्याऐवजी टॉर्क रेंच आहे का ते विचारा. पान्यावर उभं राहून आवळलेल्या नटाने बोल्ट ताणला जातो, आणि पुढचं पंक्चर रात्री ताम्हिणी घाटात झालं तर गाडीतल्या वीतभर पान्याने नट हलत नाही.